वेगळं होणं आणि वेगळं ठेवणं



मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक. माझी उभी हयात विदर्भातल्या एका महाविद्यालयात गेली. मेंडेलचा विभक्तीकरणाचा नियम फळ्यावर लिहिला, की अधूनमधून वर्गातून एक प्रश्न यायचा: "सर, वेगळं होणं हा निसर्गाचाच नियम असेल, तर माणसांनी आपापल्यांत वेगळं राहिलं तर बिघडलं कुठे?" विचारणारा मुलगा बहुधा घरी ऐकलेलं बोलत असे. पण मोठमोठ्या पदव्या घेतलेल्यांनीही हाच प्रश्न विचारला आहे, त्याचं सोयीचं उत्तर शोधलं आहे आणि त्या उत्तरावर कायदे रचले आहेत. वर्गात तासाची घंटा होते आणि बोलणं अर्धवट राहतं. आज तुम्ही मला पुरेसा वेळ दिला आहे, तेव्हा त्या मुलाचं उत्तर पूर्ण करावं म्हणतो.

सुरुवात वाटाण्यापासूनच करू. ब्रनो हे शहर आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्या काळी ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. तिथल्या मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची हजारो रोपं वाढवली. वाटाण्याचं फूल बंदिस्त असतं. पुंकेसर आणि स्त्रीकेसर पाकळ्यांच्या आत दडलेले असल्यामुळे फूल स्वतःच्याच परागानं फळतं. दोन वेगळ्या झाडांचा संकर करायचा तर कळी पक्व होण्याआधी ती हलक्या हातानं उघडावी लागते, चिमट्यानं दहाही पुंकेसर काढावे लागतात, मग दुसऱ्या झाडाचा पराग आणून कुक्षीवर टेकवावा लागतो आणि फूल झाकून ठेवावं लागतं. आमच्या प्रयोगशाळेत मुलं हे करायची तेव्हा निम्म्या कळ्यांचा पुंकेसरांबरोबर स्त्रीकेसरही तुटून यायचा. मेंडेल यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं, तेही सात वेगवेगळ्या गुणांसाठी.

गोल दाण्याच्या वाटाण्याचा सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्याशी संकर केला, तर पहिल्या पिढीचे सगळे दाणे गोल निघाले. सुरकुतलेपणा जणू नाहीसाच झाला. त्या गोल दाण्यांची झाडं स्वतःच्याच परागानं फळू दिली, तेव्हा दुसऱ्या पिढीत ७३२४ दाणे मिळाले. त्यांतले ५४७४ गोल होते आणि १८५० सुरकुतलेले. तिनास एक हे प्रमाण शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. मला मात्र त्यापुढचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या पिढीतल्या गोल दाण्यांपासून त्यांनी ५६५ झाडं वाढवली. त्यांपैकी १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले. ३७२ झाडांना गोल आणि सुरकुतलेले दोन्ही आले. वरून सारख्या दिसणाऱ्या गोल दाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दाणे आत सुरकुतलेपणाचा कारक बाळगून होते.

यातून निघालेला निष्कर्ष असा. प्रत्येक झाडात एका गुणासाठी दोन कारक असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. पराग किंवा बीजांड तयार होताना हे दोघे विभक्त होतात आणि प्रत्येक युग्मकात एकच जातो. एकत्र असताना ते एकमेकांत विरघळत नाहीत. गोलपणाच्या सोबतीत एक पिढी काढूनही सुरकुतलेपणाचा कारक जसा होता तसाच बाहेर पडतो.

आता त्या मुलाचा प्रश्न घ्या. विभक्त झालेला तो एकटा कारक झाड होऊ शकत नाही. पराग आणि बीजांड भेटल्यावरच पुन्हा दोन कारक जुळतात आणि बी तयार होतं. कारक वेगळे होतात ते नव्या जोडीदाराला भेटता यावं म्हणून, आणि ती भेट कोणाशी व्हावी याला कोणताही नियम बांधलेला नाही. पाठ्यपुस्तकात विभक्तीकरण एका पानावर येतं आणि फलन दुसऱ्या प्रकरणात, म्हणून मुलांच्या डोक्यात त्यांची ताटातूट होते. पराग आणि बीजांडाच्या लेखी ती एकाच कामाची दोन टोकं आहेत.

आमच्या शेतकऱ्याला हे पुस्तकाविना ठाऊक आहे. संकरित कपाशीचं बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरलं, तर झाडं एकसारखी येत नाहीत. कोणी उंच, कोणी खुजं, बोंडं लहानमोठी. लोक म्हणतात, बी बिघडलं. बी बिघडलेलं नसतं. एका पिढीपुरते एकत्र आलेले कारक पुन्हा मोकळे होऊन नव्या जोड्या करत असतात. दरवर्षी बियाण्याच्या दुकानासमोर लागणाऱ्या रांगेमागचं एक मोठं कारण हेच आहे.

मेंडेल यांनी हे काम ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळात वाचलं आणि १८६६ मध्ये ते छापून आलं. जगानं त्याकडे लक्ष दिलं नाही. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, फ्लीमिंग जेनकिन या ब्रिटिश अभियंत्यानं डार्विनच्या सिद्धांतावर टीका करणारा लेख लिहिला. आईबापांचे गुण मुलांत मिसळून पातळ होतात, ही तेव्हाची सार्वत्रिक समजूत त्यामागे होती. मुद्दा पटवण्यासाठी जेनकिननं दिलेलं उदाहरण असं: जहाज फुटून एक गोरा माणूस काळ्या लोकांच्या बेटावर पोहोचला असं समजा. तो कितीही श्रेष्ठ मानला, तरी पिढ्यांमागून पिढ्या मिसळण होऊन त्याचे गुण विरून जातील आणि ते बेट काही गोरं होणार नाही. वैज्ञानिक वादासाठी घेतलेल्या या उदाहरणात गोऱ्याचं श्रेष्ठत्व गृहीत धरलेलं आहे आणि मिसळण्याची भीती त्याच्या पोटात आहे. या युक्तिवादाचं उत्तर ब्रनोत आधीच छापून पडलं होतं.

१९०० साली मेंडेल यांचं काम पुन्हा उजेडात आलं. आता रक्ताच्या शुद्धीची भाषा मागे पडेल, असं कोणालाही वाटलं असतं. घडलं उलटं. 'उत्तम' वंश घडवू पाहणाऱ्या सुप्रजननाच्या चळवळीनं मेंडेलचंच नाव पुढे केलं आणि कायदे मात्र जुन्या मिसळणीच्या समजुतीवर केले. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यानं १९२४ मध्ये वांशिक शुद्धतेचा कायदा केला. ज्याच्या वंशात गोऱ्यांखेरीज कोणाचाही लवलेश नाही तोच गोरा, अशी व्याख्या त्यात होती. मूळ अमेरिकी रहिवाशांच्या सोळाव्या हिश्श्यापुरता एक अपवाद ठेवला होता. गोऱ्यानं इतरांशी लग्न करणं गुन्हा ठरलं. विचार करा, ज्या शास्त्राचं नाव घेऊन हा कायदा झाला, ते शास्त्र सांगत होतं की आईबापाचा निम्माच वारसा प्रत्येक मुलाकडे जातो, कोणता निम्मा ते ठरलेलं नसतं, आणि पुरेशा पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या पूर्वजाचा एकही तुकडा आज अंगात उरलेला नसू शकतो. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी रद्द केली, ती १९६७ मध्ये.

दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानं प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंश लिहिला. शंका आली तर केसांत पेन्सिल अडकवून ती खाली पडते की तिथेच राहते हे पाहिलं जाई. एकाच आईच्या पोटची भावंडं वेगवेगळ्या वंशांत नोंदली गेल्याची उदाहरणं आहेत. एका भावाचे केस कुरळे आणि दुसऱ्याचे सरळ का, याचं उत्तर मेंडेलच्या नियमात आहे. प्रत्येक मूल आईबापाच्या कारकांची नवी वाटणी घेऊन येतं. निसर्गानं भावंडांत ठेवलेला हा मोकळेपणा सरकारनं त्यांच्यामधली भिंत म्हणून वापरला.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर आता आमच्या भागात या. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, मेळघाट, आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला नंदुरबार, या पट्ट्यात मेंडेलचा नियम शिकायला वाटाणा लागत नाही. सिकलसेल इथल्या कितीतरी घरांत आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, एवढाच हा दोष. तेवढ्यानं तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातपाय, छाती, पोट यांत असह्य कळा सुरू होतात. दोन्ही कारक दोषी असले तर मूल रुग्ण असतं. गावातल्या भाषेत त्याला 'एसएस' म्हणतात. एकच दोषी असला तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो. त्याच्यातला तो एक कारक हिवतापाच्या घातक प्रकारापासून त्याचं बऱ्यापैकी संरक्षणही करतो. हे ॲलिसन या शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवलं. हिवतापाच्या जंगलपट्ट्यात हा कारक का टिकला, याचं उत्तर त्यात आहे.

आश्रमशाळेतलं तपासणी शिबिर पाहिलं आहे का? मुलं ओळीनं बसलेली असतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या नळीतल्या द्रावणात टाकतात. नळीमागे काळ्या रेघा आखलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर मूल मोकळं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे या गढूळपणावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं, त्याचा अहवाल यायला वेळ जातो. खरी हानी होते ती या मधल्या दिवसांत. नळी गढूळ झाली तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांनी ती पाहिलेली असते. संध्याकाळपर्यंत शाळेत नावं झालेली असतात. अहवालात नुसतं 'वाहक' आलं, तरी ते ऐकायला तेव्हा कोणी थांबलेलं नसतं.

नवरा-बायको दोघं वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. इथे 'प्रत्येक' या शब्दावर मी नेहमी जोर देतो, कारण पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तिघं सुटली, असा हिशोब लोक मांडतात. दर वेळी कारकांची वाटणी नव्यानं होते. आधीच्या मुलाचा त्याच्याशी संबंध नसतो. आणि वाहकाचं लग्न दोषी कारक नसलेल्या व्यक्तीशी झालं तर एकही मूल रुग्ण होत नाही. हे इतकं सोपं, इतकं दिलासा देणारं शास्त्र आहे. तरी जमलेली लग्नं 'मुलीत सिकल आहे' एवढ्यावर मोडतात. मुलाची तपासणी झाली का, हे कोणी विचारत नाही. मुलीचं कार्ड पाहायला मागायचं आणि मुलाचं दाखवायचं नाही, ही रीत मी आमच्याकडे अनेकदा पाहिली. मग आईबाप मुलीची तपासणीच टाळतात, किंवा कार्ड पेटीच्या तळाशी जातं. दोन वाहक एकमेकांना न सांगता संसार सुरू करतात आणि दोन-तीन वर्षांनी तापानं, कळांनी तळमळणारं पोर घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात येतात. आजार रोखण्यासाठी केलेल्या तपासणीतून लपवाछपवी आली, आणि लपवाछपवीतून पुन्हा तोच आजार.

हा आपल्याच लोकांच्या अडाणीपणाचा परिणाम आहे, असं म्हणणाऱ्यांना मी लायनस पॉलिंग यांची गोष्ट सांगतो. सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे हे १९४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल पारितोषिकं त्यांना मिळाली. याच पॉलिंग यांनी १९६८ मध्ये लिहिलं, की प्रत्येक तरुण वाहकाच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांना पाहताच ओळखतील आणि प्रेमात पडायचं टाळतील. त्यांचा हेतू दुष्ट नव्हता. मुलांचं दुःख टळावं अशीच त्यांची इच्छा होती. पण अमेरिकेत हा कारक प्रामुख्यानं काळ्या लोकांत आढळतो, आणि सार्वजनिक जागी त्यांना वेगळं बसवणं बेकायदा ठरवणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. ज्यांच्या कातडीच्या रंगाची खूण करून त्यांना शतकभर वेगळं ठेवलं, त्यांच्या कपाळावर आणखी एक खूण सुचवताना एवढ्या मोठ्या माणसाचा हात थांबला नाही. पुढे १९७० च्या दशकात तिथे घाईघाईनं सक्तीच्या तपासण्या झाल्या. वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारल्याच्या तक्रारी आल्या. हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे तर वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. माणूस कितीही शिकलेला असो, खूण करण्याचा मोह त्याला सुटत नाही, असंच मला या प्रकरणावरून वाटत आलं आहे.

आपल्या सरकारनं १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा त्याचा संकल्प आहे. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. तरीही सात कोटी कार्डं हातात देण्याआधी ती कोण वाचणार आणि कशी वाचणार, याची शिकवणी झाली पाहिजे. तपासणीला एक दिवस पुरतो. समजावून सांगायला वर्षं लागतात, आणि त्या कामासाठी माणसं नेमावी लागतात.

एखाद्याला वेगळं ठेवणं कधीच योग्य नसतं, असं मी म्हणत नाही. साथीत ते करावंच लागतं. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर महाराष्ट्रात शिक्के मारले गेले, ते आठवत असतील. त्या शिक्क्यावर तारीख असे. अमुक दिवसापर्यंत घरातच राहायचं. त्या काळात वागण्यात पुष्कळ चुका झाल्या. दवाखान्यात राबणाऱ्या परिचारिकांना घर सोडायला सांगणारे शेजारीही निघाले. तरी शिक्क्याची कल्पना मला मान्य आहे, कारण शाई पुसट होणारी होती आणि शेवटचा दिवस त्यावरच लिहिलेला होता. आजार संपला की शिक्का संपला. कपाळावरच्या गोंदणाला तशी तारीख नसते.

जुन्या साथींत मात्र वेगळं ठेवणं रोगापुरतं राहिलं नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक ज्वराची, म्हणजे प्लेगची, साथ पहिल्यांदा ओळखली ती मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. पुढच्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घरांत घुसून माणसं छावण्यांकडे नेऊ लागले. त्या जुलमाचा इतिहास आपण शाळेपासून वाचतो. कमी सांगितला जाणारा भाग असा, की छावणीतही सगळे एकत्र नव्हते. मुंबईत निरनिराळ्या जातींनी, समाजांनी आपापली स्वतंत्र प्लेग इस्पितळं काढली. रोगासाठी वेगळं केलेल्यांना जातीसाठी पुन्हा वेगळं केलं गेलं. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आल्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

कुष्ठरोगाचं उदाहरण तर आणखी लांबलेलं. हॅन्सन या डॉक्टरांनी त्याचा जंतू १८७३ मध्ये शोधला. बहुतेक माणसांत त्या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. तरी आपल्याकडे १८९८ मध्ये निराधार कुष्ठरोग्यांना आश्रमांत कोंडण्याचा कायदा झाला. मुंबईत माटुंग्याचं कुष्ठरोग्यांचं इस्पितळ त्याआधीच, १८९० मध्ये उभं राहिलं होतं.  १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याचा धोका संपतो. हे कळल्यावरही तो जुना कायदा पुस्तकात राहिला आणि २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत होतं. औषध आल्यावर तीन दशकांहून अधिक काळ शिक्षा चालू राहिली.

रोगाला निदान एक जंतू तरी होता. महाडच्या चवदार तळ्याला काय होतं? पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्याचं ते तळं. सगळ्या धर्मांचे लोक त्याचं पाणी भरत, गुरं त्यावर पाणी पीत. बंदी होती ती फक्त अस्पृश्यांना. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर जमावानं या अनुयायांना मारहाण केली आणि तळं शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या पाण्याच्या घागरी ओतून 'शुद्ध' करण्यात आलं. गुरांच्या तोंडानं न बाटलेलं पाणी माणसांच्या ओंजळीनं बाटलं, असं सांगणारं कोणतं शास्त्र आहे? प्रकरण कोर्टात गेलं. ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असा सवर्ण पक्षाचा दावा होता. तो सिद्ध झाला नाही आणि मुंबई उच्च न्यायालयानं १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या बाजूनं निकाल दिला. तरी १९७२ च्या दुष्काळात डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम घेऊन गावोगाव फिरावं लागलं. उच्च न्यायालयाचा निकाल आणि ही मोहीम यांत पस्तीस वर्षांचं अंतर आहे.

अनादि काळाची वहिवाट, हा दावा आता रक्तानंच खोटा पाडला आहे. डॉ. आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीअंतर्गत लग्नाच्या सक्तीत शोधलं होतं, आणि ही सक्ती आधीपासून मिसळलेल्या लोकांवर नंतर लादली गेली अशी त्यांची मांडणी होती. तेव्हा त्यांचं वय होतं पंचवीस, आणि जनुक कशाचा बनलेला असतो हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे लालजी सिंग, थंगराज आणि हार्वर्डचे संशोधक यांनी उपखंडातल्या ७३ समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले समूह एकमेकांत भरपूर मिसळले आणि त्यानंतर ही मिसळण आटली, असं त्यातून दिसलं. दारं आधी उघडी होती. ती नंतर कोणीतरी लावली. दारं लावल्याची किंमतही मोजता येते. २०१७ च्या अभ्यासात २६३ समूहांपैकी ८१ समूह असे निघाले, ज्यांच्यात थोड्या पूर्वजांपासून आलेल्या वारशाचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आहे. अशा समूहांत दुर्मीळ आनुवंशिक आजार वाढतात. दक्षिणेतल्या वैश्य समाजात भूल देताना वापरलं जाणारं एक औषध काहींच्या शरीरात लवकर मोडत नाही आणि श्वास बंद राहतो, हे भूलतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. जातीच्या भिंतीचा त्रास भिंतीबाहेरच्यांना सर्वांत जास्त झाला. पण भिंतीच्या आतले त्यातून सुटले, असंही नाही.

यावर एक शहाणपणाचा आक्षेप येतो: आज कोणी सक्ती करत नाही, माणसं आपसूकच आपल्यासारख्यांत राहतात. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये याचा एक साधा खेळ मांडला. चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी विखरून ठेवायची. शेजाऱ्यांपैकी निदान तिसरा हिस्सा आपल्यासारखा असावा, एवढीच प्रत्येक नाण्याची अट. अट पुरी झाली नाही तर नाणं रिकाम्या घरात सरकतं. थोड्याच वेळात पटावर दोन स्वतंत्र वस्त्या तयार होतात, जरी एकाही नाण्याला तसं हवं नव्हतं. शेलिंग यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं आणि तो खेळ जगभर शिकवला जातो. त्याचा गैरवापर असा होतो की 'बघा, दोष कोणाचाच नाही'. शेलिंग यांनी स्वतः तसा दावा केला नव्हता. वेगळेपणाच्या अनेक कारणांपैकी एकाचाच विचार ते करत होते. पटावरच्या प्रत्येक नाण्याला कुठल्याही रिकाम्या घरात जाता येतं. आपल्या शहरांत घर भाड्यानं मागायला गेलेल्या तरुणाला आधी आडनाव विचारतात, आडनावावरून कळलं नाही तर 'मांसाहार करता का' हे विचारतात, आणि मग घर गेलं म्हणून सांगतात. त्याच्या पटावरची घरं रिकामी असून बंद असतात. अहमदाबादमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सदस्यत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा पोटनियम २००५ मध्ये वैध ठरवला. पारशी समाजाची संख्या पाहता त्यांची काळजी मी समजू शकतो. पण हीच वाट मोठ्या समाजांना मोकळी राहिली तर शहर कशाला म्हणायचं? मला तो निकाल पटत नाही.

त्याच सोसायट्यांच्या फाटकावर ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, अशी पाटी असते. हे वेगळं करणं चांगलं आणि गरजेचं आहे. मात्र आपण एकत्र करून टाकलेलं हातानं निवडणाऱ्या बायका बहुसंख्येनं दलित समाजातल्या आहेत, आणि अनेक इमारतींत त्यांना लिफ्ट वापरायची मुभा नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं १९९३ पासून या बायकांना संघटित केलं, ओळखपत्रं मिळवून दिली. त्यांचं काम प्रतिष्ठेचं आहे हे मान्य करायला तरी आपल्याला लिफ्टचं बटण त्यांच्यासाठीही खुलं करावं लागेल.

तर त्या मुलाला माझं उत्तर असं आहे. निसर्गात कारक वेगळे होतात आणि लगेच नव्या भेटीला मोकळे होतात. माणसं मात्र वेगळी 'ठेवली' जातात. ठेवणारा कोणीतरी असतो, आणि त्यानं कारण दाखवलं पाहिजे, मुदत सांगितली पाहिजे, परतीची वाट खुली ठेवली पाहिजे. हे तिन्ही दाखवता येत नसेल, तर त्या कृतीला विज्ञानाचं नाव देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

समोर शिक्षक बसले आहेत, आशाताई आहेत, लग्नं जुळवणारी जाणती माणसंही आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. शाळेत सिकलसेलची तपासणी होईल तेव्हा निकाल वर्गात वाचून दाखवू नका; बंद पाकिटात, आईबापांना बसवून, 'वाहक' म्हणजे काय ते सांगून द्या. लग्नाची बोलणी होतील तेव्हा मुलीचं कार्ड मागाल, तर त्याच बैठकीत मुलाचंही मागा. दोघं वाहक निघाले तर गर्भाची तपासणी करता येते हे त्यांना सांगा, आणि निर्णय त्या दोघांवर सोडा. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी विभक्तीकरणाचा नियम शिकवला, की फलन त्याच तासाला शिकवावं. पुढच्या तासावर ठेवू नये.